कुंझुमचा उतार आणि ३१ किलो

२०१९ च्या जुलैत, हिमाचलातल्या कुंझुम खिंडीच्या चंद्रा नदीकडच्या उतारावर, दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी आमच्या गाडीच्या टपावरची स्टेपनी सुटली. जबाब देताना मी ‘अचानक सुटली’ असं सांगितलं. लिहून घेणाऱ्याने तसंच लिहून घेतलं. परत आल्यावर वहीत वेळा मांडायला बसलो, तेव्हा ‘अचानक’ हा शब्द कुठं बसवावा तेच कळेना.

गाडीत आम्ही चौघं. मी, माझी बायको, चालवायला मेव्हणा आणि मागच्या सीटवर बायकोचे मामा. मामा साताऱ्याकडचे, एसटीत २९ वर्षं ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले. ही माणसं आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत दोरीइतकंच नात्यालाही काम आहे.

९ दिवस आधी. पुणे

स्पितीला जायचं म्हणून टायर बदलले. गाडीचं मूळ माप २३५/७०, रिम १६ इंची. दुकानदाराने त्याच रिमवर २४५/७५ सुचवले, जाड खाचांचे, दगडधोंड्यांतले. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो. हिशेब मांडला तर चाकाचा व्यास ७३५ मिलिमीटरवरून ७७४ वर जातो, म्हणजे जवळजवळ चार सेंटिमीटर. फोर-व्हील-ड्राइव्हच्या गाडीला पाचही चाकं एका मापाची लागतात, म्हणून स्टेपनीलाही तोच टायर चढवला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

आमच्या गाडीची स्टेपनी मागच्या बाजूला, पोटाखाली. मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की तारेचा दोर गुंडाळला जातो आणि चाक वर येऊन चेसिसला टेकतं. यातली गंमत अशी की चाक तारेवर लटकत ठेवायचं नसतंच. तार फक्त ओढून धरते. हलू न देण्याचं काम वरचं लोखंड करतं. चाक लोखंडाला घट्ट भिडलं, तरच ते गाडीचा भाग होतं. नाहीतर ती घंटा.

दुकानातल्या पोराने दांडा फिरवला. एका बाजूला चाक अडलं, सायलेन्सरच्या पत्र्याला असावं. त्याने दोन झटके दिले आणि म्हणाला, “बसली साहेब.” खाली वाकून दोन्ही हातांनी चाक हलवून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बिल बघत होतो.

२८ तास आधी. नाकोहून काझाकडे, सकाळी ८:४०

मागून आवाज येऊ लागला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक-ठक. मामा म्हणाले, “मागं काहीतरी वाजतंय.” मेव्हणा म्हणाला, “जॅक असेल मामा.” बायकोने गाणी मोठी केली. त्या दिवसाचं आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

१७ तास आधी. काझा, संध्याकाळी ७:४०

टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. चाक एका अंगाला चार बोटं खाली आलेलं. हाताने ढकललं तर झुललं. तारेचे तीन-चार पदर तुटून काट्यासारखे बाहेर आलेले. आठवडाभराच्या खडखडाटात तिने जे एकटीने पेललं, ते तिचं काम नव्हतं. अशी तार वाटेत तुटली तर गाडीतल्यांना बऱ्याचदा कळतही नाही. मागून येणाऱ्याला कळतं.

जेवताना यावर बैठक बसली. स्टेपनी या शब्दावरून मी ज्ञानही पाजळलं. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावरच्या दुकानात डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक विकायला काढलं. तेव्हाच्या मोटारी जादा चाकाशिवायच यायच्या. चाकाचं हे नाव तिकडे बहुतेक विसरलं गेलं आणि आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या पाटीपर्यंत पोचलं. मामांना हे आवडलं. मग त्यांनी विचारलं, “पण आता ठेवायची कुठं?”

दोन जागा होत्या. एक गाडीच्या आत, मागच्या सीटमागं. दुसरी टपावर, कॅरिअरमध्ये. आत आधीच बॅगा, शिधा आणि स्टोव्ह. टपावर तंबू, स्लीपिंग बॅगांच्या दोन पिशव्या आणि वीस लिटरचा डिझेलचा कॅन.

जड ते खाली आणि हलकं ते वर, एवढं शेतकऱ्याच्या बैलगाडीलाही कळतं. बॅगा टपावर टाकून चाक आतल्या फरशीवर आडवं ठेवायचं, रिमच्या भोकांतून पट्टा काढून फरशीतल्या कड्यांना आवळायचं, हे योग्य झालं असतं. आवळायचं मात्र नक्की. ताशी ५० किलोमीटरवरची गाडी अर्ध्या मीटरात थांबली, म्हणजे कुठंतरी आदळली, तर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या वीसपट जोराने पुढं झेपावते. आमचं चाक नंतर काट्यावर घातलं, ३१ किलो भरलं. वीसपट म्हणजे सहाशेच्या वर, आणि तेही मामांच्या मानेमागून.

पण त्या रात्री कुणी हा हिशेब मांडला नाही. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. चार पायऱ्या चढलं तरी धाप लागते. सगळं सामान उपसून पुन्हा भरायचं कुणाच्याच जिवावर आलं. मेव्हणा म्हणाला, “दाजी, आत रबराचा वास मारेल.” मी म्हणालो, “टपावरच टाकू.” निर्णय माझा होता.

७ तास आधी. काझा, पहाटे ५:४०

बोटं गारठलेली. मी आणि मेव्हण्याने चाक वर ढकललं. कॅरिअरच्या लोखंडी जाळीवर जागा नव्हती, म्हणून स्लीपिंग बॅगांच्या पिशव्यांवर ठेवलं. मऊ बसलं, छान बसलं, असं वाटलं. हुकवाले दोन रबरी पट्टे फुलीसारखे वरून ओढले आणि त्यावर नायलॉनची दोरी, टायरच्या अंगावरून इकडून तिकडं तीन वेढे. शेवटी निरगाठ.

मामा खाली उभे राहून चहा पीत होते. त्यांच्या आयुष्यातली निम्मी वर्षं एसटीच्या टपावर सायकली, कोंबड्यांच्या पाट्या, लग्नाची भांडी चढताना बघण्यात गेली. म्हणाले, “जावईबापू, दोरी रिमच्या भोकातनं काढली असती तर…”

“घट्ट आहे मामा,” मी म्हणालो आणि चाकावर थाप मारून दाखवली.

मामा गप्प बसले. मी त्यांच्या भाचीचा नवरा. माझ्या जागी त्यांचा एखादा क्लीनर असता तर कान धरून पुन्हा बांधायला लावलं असतं. जावयाला एकदाच सांगतात.

चूक काय झाली ते आता मी झोपेतसुद्धा सांगू शकेन. निरगाठ सुटत नाही, हे खरं. पण दोरीचा ताण गाठीवर नसतो, खालच्या सामानावर असतो. खाली पिसासारख्या पिशव्या. खड्ड्याखड्ड्याला त्या दबणार आणि पिशवी दोन बोटं दबली की दोरी तेवढी सैल. गाठ शाबूत, बंधन गेलेलं. वरून घेतलेला वेढा गोल रबरावरून घरंगळतो. भोकातून ओवलेला पट्टा घरंगळून जाणार कुठं? रबरी पट्ट्याची तर गोष्टच वेगळी. त्याचं कामच ताणलं जाणं. वजन उसळलं की तो त्याच्याबरोबर उसळतो.

आणखी एक. ट्रकवाले वापरतात तसले रॅचेटचे दोन पट्टे मी पुण्याहून विकत आणले होते. ते ज्या पिशवीत होते, त्याच पिशवीवर चाक ठेवलं होतं.

३ तास आधी. लोसर, सकाळी ९:४०

स्पितीतलं हे शेवटचं मोठं गाव. चौकीवर नोंद केली, ढाब्यावर पराठे खाल्ले. इथून पुढं मोबाइलला रेंज नव्हती. एक स्थानिक ड्रायव्हर आपल्या गाडीच्या काचा पुसत होता. त्याची स्टेपनीही टपावरच होती, पण जाळीला चिकटून, आडवी, दर्शनी बाजू खाली. रिममधून आरपार जाड पट्टा, शिवाय पुढच्या बाजूने वेगळा एक, ब्रेक लागला की पुढं सरकू नये म्हणून. पट्ट्याला एक पीळ दिलेला. का, ते मी विचारलं. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि फडफडून सैल होतो, पीळ दिला की गप्प राहतो.

मग त्याने आमच्या टपाकडे बघितलं. “साब, टायर गाड़ी से बाँधो, सामान से नहीं.”

मी वर चढलो. दोरीत हात घातला तर मूठ जात होती. इथं सगळं उतरवायला हवं होतं. ऊन होतं, वेळ होता, मदतीला माणूस होता. मी दोरी आणखी एकदा ओढून दुसरी निरगाठ मारली. मेव्हणा घड्याळ दाखवत होता, कारण पुढचे नाले दुपारनंतर फुगतात. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं. उन्हाने वरचा बर्फ वितळला की चारच्या सुमाराला तिथंच बंपर बुडतो. तो चुकीचं काहीच सांगत नव्हता. आम्ही एका खऱ्या धोक्याकडे बघत दुसऱ्याकडे पाठ केली.

१ तास ४० मिनिटं आधी. कुंझुमची चढण, ११:००

चढणीला चाकाने काही केलं नाही. वजन मागं झुकलं होतं आणि मागं डिझेलचा कॅन अडसर होता. मात्र प्रत्येक वळणाला गाडी आदल्या दिवसापेक्षा जास्त कलतेय असं मेव्हण्याला जाणवत होतं. ते साहजिकच होतं. जमिनीपासून दीड फुटावरचे ३१ किलो आम्ही सहा फुटांवर नेऊन ठेवले होते. कंपनी टपावर किती वजन चालेल ते पुस्तकात छापते, पण तो आकडा धड रस्त्याचा असतो. दगडांवर गाडी डावी-उजवी डुलायला लागली की तेच वजन लांब दांड्याच्या टोकाला बांधल्यासारखं ओढतं.

५० मिनिटं आधी. कुंझुम खिंड, ११:५०

साडेचार हजार मीटर. पताका, वारा आणि समोर चंद्राभागेची बर्फाळ शिखरं. कुंझुम देवीच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालायची इथली रीत आहे. ट्रकवाले घालतात, फौजी घालतात, आम्हीही घातली. प्रदक्षिणा म्हणजे देऊळ सतत उजव्या हाताला, गाडी सतत उजवीकडे वळती आणि टपावरची प्रत्येक सैल वस्तू थोडी थोडी डावीकडे.

तिथं काढलेला फोटो माझ्याकडे आहे. आम्ही चौघं हसतोय, मागं गाडी. चाक कॅरिअरच्या डाव्या कडेला आलेलं स्पष्ट दिसतं. निम्मं पिशवीवर, निम्मं हवेत. फोटो काढणाऱ्याने गाडी चौकटीत नीट यावी म्हणून दोन पावलं मागं जाऊन काढला होता.

४ मिनिटं आधी. १२:३६

उतरण सुरू होऊन पाव तास झालेला. खाली चंद्रा नदीचा राखाडी पट्टा आणि तिच्याकडे पायऱ्यांसारखी उतरत गेलेली वळणं. खालच्या दुसऱ्या वळणावर रस्त्याचं काम करणारी टोळी दिसत होती. डांबराचे पिंप, धूर आणि आठ-दहा माणसं. हे मजूर बहुतेक झारखंडचे असतात. उन्हाळ्याचे चार-पाच महिने इथं येऊन दगड फोडतात. मेव्हणा पहिल्या गिअरमध्ये होता, इंजिनावर गाडी धरून. त्याच्या चालवण्यात खोट काढायला जागा नाही.

टपावर काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. मामांनी मान वर केली. काही बोलले नाहीत.

१२:४०

वळणापलीकडून गद्दी धनगराचा कळप आला. मेव्हण्याने ब्रेक दाबला, तोही करकचून नव्हे. कच्च्या रस्त्यावरचा ब्रेक सामानाला त्याच्या वजनाच्या निम्म्यानेसुद्धा पुढं ओढत नाही. पण उताराने नाक आधीच खाली होतं आणि अडवायला समोर काहीच नव्हतं. दोरीच्या वेढ्यातून चाक साबणाच्या वडीसारखं निसटलं. काचेसमोर अंधार झाला, बॉनेटवर धाडकन आवाज, मग उजेड.

रस्त्यावर ते आडवं पडलं असतं तर गोष्ट बॉनेटच्या पत्र्यापाशी संपली असती. ते उभं पडलं.

मी ते बघितलं आहे. चाक एकदा डुललं, शेळ्यांच्या मधून गेलं, एकीलाही न लागता, आणि रस्त्याच्या कडेच्या दोन पांढऱ्या दगडांमधून खाली उतरलं. पुढचे काही सेकंद ते दिसत नव्हतं, नुसते धुळीचे ठिपके दिसत होते. एक इथं, दुसरा बराच खाली, तिसरा त्याहून खाली. प्रत्येक उडीनंतर पुढची उडी लांब. उभ्या उंचीने ५० मीटर खाली गेलेल्या चाकाचा वेग कागदावर ताशी ८० किलोमीटरच्या वर निघतो. आदळआपटीत निम्मा गेला असं धरलं तरी ३१ किलो आणि ताशी ४०.

मामा दार उघडून खाली उतरले होते आणि तोंडाशी हात धरून ओरडत होते. मराठीतच. “पळा! पळा रे!” खाली आठ जणांनी वर बघितलं आणि ते पळाले. एक जण पिंपाशेजारी पाठमोरा वाकून काहीतरी उचलत होता.

१२:५५

मांडीचं हाड मोडलं होतं. रक्त फारसं नव्हतं, पण पाय ज्या कोनात पडला होता तो बघवत नव्हता. पोरगं विशी-बाविशीचं असेल. ओरडत नव्हतं, दातांत मफलर धरलेला.

मामांनी तंबूचे दोन दांडे मागितले. कॅरिअरवरून तीच नायलॉनची दोरी सोडवली. माझी निरगाठ सुटेना तेव्हा विळ्याने कापली. कमरेपासून घोट्यापर्यंत दांडे लावून त्यांनी पाय बांधला. प्रत्येक वेढ्यानंतर बोट घालून बघत होते, फार आवळला नाही ना, सैल नाही ना. गुडघ्याच्या पोकळीत टॉवेलची घडी कोंबली, हलायला जागा राहू नये म्हणून. मी दोरीचं टोक धरून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

टोळीच्या मुकादमाने ट्रक आणला. पुढं मनालीचा रस्ता नाल्यांचा होता, म्हणून मागं काझालाच न्यायचं ठरलं. ट्रकमध्ये तो, मुकादम आणि मी. मागून आमची गाडी.

साडेपाच तासांनंतर. काझा, संध्याकाळी ६:१०

पाऊणशे किलोमीटर. प्रत्येक खड्ड्याला तो डोळे मिटायचा. मीही. दवाखान्यात सलाइन लागलं, पाय ताणून ठेवला. ऑपरेशनसाठी खाली न्यावं लागेल म्हणाले. पैशांचं मी मुकादमाशी बोललो. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा ‘हे सगळेच म्हणतात’ असा होता. चौकीतला जबाब मग रात्री झाला.

वॉर्डात गेलो तेव्हा पोरगं जागं होतं. काय बोलावं ते मला सुचेना. स्टुलावर बसलो. त्यानेच मान वळवली. या रस्त्यावर काम करणारा माणूस. स्टेपनीशिवाय पुढं निघालेल्या गाड्यांचं काय होतं, ते त्याने दर आठवड्याला बघितलेलं.

“साब,” त्याने विचारलं, “टायर मिला?”

मिळालं होतं. नदीच्या अलीकडे दगडांत अडकून पडलं होतं. टोळीतल्या चौघांनी ते वर आणून आमच्या गाडीत मागं ठेवलं होतं. आडवं, फरशीवर, आणि कुणीतरी रिमच्या भोकांतून काथ्याची दोरी ओवून कडीला बांधलंही होतं.